अर्धा लाडू भातकुलीत, अर्धा अकोल्यात

अमरावती-अकोल्याला चालले आहे म्हटल्यावर सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "कोणाचं काही झालं का?" पुण्यातली माणसं केरळला जातात, काश्मीरला जातात, हल्ली व्हिएतनामलाही जातात. वऱ्हाडात मात्र एक तर लग्नाला जायचं, नाही तर दहाव्याला. मी म्हटलं, एक पुस्तक शोधायला चाललेय. त्यावर समोरच्या काकूंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ऑनलाइन मागव की."

ऑनलाइन मिळण्यासारखं ते पुस्तक नव्हतं. ते माझ्या मालूमावशीचं पुस्तक. मावशी ऐन तारुण्यात अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होती. राहायची त्या गल्लीतल्या बायकांना गोळा करून तिने त्यांच्याकडून पाककृती काढून घेतल्या, लिहिल्या, आणि एका छोट्या छापखान्यातून छापून घेतल्या. गुलाबी, पातळ कव्हर, त्यावर ठिपक्यांची रांगोळी. आमच्या घरी आईकडे एक प्रत होती. लहानपणी ती मी इतकी चाळली होती की अंबाडीच्या भाजीची कृती मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पुढे आईची प्रत घरं बदलताना गेली, आणि मावशीची स्वतःची प्रत तिने अमरावती सोडताना कोणाला तरी देऊन टाकली. नंतर तिला आणि आम्हाला कोणालाच ते पुस्तक दिसलं नाही.

त्याची कोणाला फारशी गरजही नव्हती. पण गेल्या दिवाळीनंतर, हल्ली माझ्याकडेच राहणाऱ्या मावशीने पेपरात एक बातमी वाचली. कोणीतरी घरगुती औषध म्हणून बिब्बा लावला आणि कातडी भाजल्यासारखी उतून आली, अशी ती बातमी. मावशीने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मग चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "शुभा, माझ्या पुस्तकात बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी आहे. बाजारात मिळाली नाही तर बिब्बे आणून घरी फोडावेत, असं मी लिहिलंय. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतंय. त्याच्यापुढे काळजी घ्यायचं लिहिलं का गं मी?"

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. चवीला बदामाच्या जवळ जाणारा. पण तो ज्या कवचात असतो त्या कवचातलं काळं तेल अंगाला लागलं तर फोड येतात. हे मला मावशीनेच तेव्हा समजावून सांगितलं. आम्ही पुण्यात गोडंबी पाकिटातून आणतो आणि बिब्बा कसा दिसतो ते आम्हाला ठाऊक नसतं.

तेव्हापासून तिचं सगळंच बिघडलं. पुस्तक वाचून कोणा पोरीने बिब्बे फोडले असतील, तिचा हात उतला असेल, बाळाला लागलं असेल, असं काहीबाही ती मनात रचत बसायची. डॉक्टर म्हणाले, या वयात माणसं एखादी काळजी धरून बसतात. सांगायला सोपं आहे. माझी मुलगी गौरी बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती, दिवस भरत आले होते. घरातल्या प्रत्येक बाळंतिणीचे लाडू मावशीने वळलेले. गौरीला तर लहानपणापासून तेच ऐकून माहीत की आपले लाडू मालूआजी करणार. आणि मावशी म्हणाली, "माझ्या हाताचं नको. विकतचे आणा."

मी ग्रंथालयांना फोन केले, जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांना फोटो पाठवले, व्हॉट्सॲपच्या गटांवर हाका मारल्या. कोणाला काही माहीत नव्हतं. शेवटी जावईबापूंना गौरीजवळ बसवलं आणि मी गाडीत बसले.

अमरावती

जानेवारीची सकाळ होती आणि थंडी पडली होती. विदर्भ म्हणजे ऊन, एवढंच ठाऊक असल्यामुळे मी स्वेटर नेला नव्हता. स्टेशनबाहेर सगळे कानाला मफलर गुंडाळून चहा पीत होते आणि मी सुती ओढणी घट्ट आवळून उभी होते. रिक्षावाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुन्यावून आल्या काय?" मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "थंडी वाजून राहिली तरी सांगून नाई राहिल्या, म्हून."

अर्धा दिवस मी पुण्याच्या पद्धतीने शोध घेतला. म्हणजे ग्रंथालयात जाऊन रजिस्टर बघितलं, राजकमल चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दोन दुकानं पालथी घातली, धुळीने शिंकून हैराण झाले. एका दुकानदाराने मला स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शक विकायचा बराच प्रयत्न केला. दुपारी एका गाड्यावर गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा, वर दही-चटणी, इतपत आपल्याला कळतं. पण त्यावर जी हिरवी मिरची येते ती शोभेची नसते, हे मला उशिरा कळलं. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "ताई, मिरची खाचीच होती तं पानी आंधी मांगाचं." मी डोळे पुसत पुढे निघाले.

मावशीला छापखान्याचं नाव आठवत नव्हतं, पण जागा आठवत होती. तिथे आता निवडणुकीचे आणि वाढदिवसांचे फ्लेक्स छापतात. मुलगा संगणकावर कोणा भाऊंच्या फोटोला गॉगल लावत होता आणि मागे खुर्चीवर त्याचे वडील शेंगदाणे सोलत बसले होते. मी पुस्तकाचं वर्णन केलं. रांगोळीचं कव्हर म्हटल्यावर त्यांनी शेंगदाणे बाजूला ठेवले.

"मास्तरीणबाईचं? गुलाबी? अवं ताई, मी पोरगा होतो तेव्हा. त्याचे पानं मी घडी घातले हायेत." मग त्यांनी मला विचारलं की मी ते शोधतेय कुठे. ग्रंथालय, दुकानं, मी सांगितलं. ते हसायला लागले. "दुकानात कसं भेटन? ते विकाचं नोतंच ना. वाणाचं होतं ते. संक्रांतीले बायांनी लुटलं."

मी तिथेच स्टुलावर बसले. मावशी इतक्या वर्षांत हे बोलली नव्हती, कारण तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या गल्लीतल्या बायकांनी त्या वर्षी प्लास्टिकचे डबे न आणता हळदीकुंकवाला पुस्तक वाटलं होतं. म्हणजे ते ग्रंथालयात जाणारच नव्हतं. ते कुंकू लागून, ओटीत पडून, लोकांच्या स्वयंपाकघरात गेलं होतं.

"वाण कोनी रद्दीत टाकते का?" म्हातारे गृहस्थ म्हणाले. "आमच्या मायनं भातकुलीले माहेरी नेलते चार-दोन. कमलमामीजवळ असन. थांबा, फोन लावतो." त्यांनी फोन लावला आणि वऱ्हाडात फोनवर बोलतात तसं, म्हणजे फोनशिवायही भातकुलीपर्यंत ऐकू जाईल असं बोलले. फोन ठेवून मला म्हणाले, "हाय म्हंते मामी. पन अर्धंच हाय म्हंते."

भातकुली

अर्धं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वाळवी आली. उरलेलं अर्धं कुठलं असेल, लाडवांचं पान त्यात असेल की नसेल, याचाच विचार करत मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसले. बाहेर काळी जमीन सपाट पसरलेली होती. शेवटच्या वेचणीचा कापूस, वाळत आलेली तूर, मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. डोंगर नाही, टेकडी नाही. पुण्यात खिडकीतून कुठेही बघितलं तरी काहीतरी मध्ये येतं. इथे नजर लांबपर्यंत जाते आणि कंटाळून आपणच ती परत आणतो.

कमलताई अंगणात सुपात तुरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. आंधी चहा घे. मास्तरीणबाईची भाची ना तू? नाक तसंच हाय."

चहा येईपर्यंत त्यांनी मला पाण्याचं शास्त्र समजावलं. हा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही आणि चहा नासतो. आता नळ आला आहे, पण चहाचं आणि वरणाचं पाणी वेगळ्या हंड्यात भरून ठेवायची सवय गेलेली नाही. मला एकदम आठवलं, मावशीच्या पुस्तकात वरणाच्या कृतीत "गोड्या पाण्यात शिजवावे" असं लिहिलेलं होतं आणि आई त्यामुळे एकदा वरणाच्या पाण्यात साखर घालणार होती. हे सांगितल्यावर कमलताई इतक्या हसल्या की सुपातल्या शेंगा सांडल्या.

मग त्यांनी फडताळातून पुस्तक काढलं. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आणि शिवण गोधडीच्या जाड पांढऱ्या दोऱ्याने घातलेली. पहिल्या पानावर हळदीकुंकवाचं बोट अजून होतं. वाळवीचा पत्ता नव्हता. पुस्तक मधोमध नीट संपत होतं.

"बाकीचं कुठे गेलं?"

"जाईन कुठं? धाकटीजवळ हाय, अकोल्याले. वाटनीत गेलं ना."

तर गोष्ट अशी होती. कमलताईंची धाकटी जाऊ सुशीला. धाकट्या दिराला अकोल्यात नोकरी लागली, बिऱ्हाड वेगळं झालं, भांड्यांच्या वाटण्या झाल्या. पुस्तक सासूबाईंना वाण म्हणून मिळालेलं, आणि दोन्ही सुनांना तेच हवं. वाणाचं काही एकीला दिलं आणि दुसरीला नाही दिलं, असं करायचं नाही असं सासूबाईंचं म्हणणं. दोघीही हटेनात. "मंग आमच्या सासूनं सुई घेतली, आन् मधला दोरा सोडला. पुस्तक दोन गठ्ठ्याचं होतं, आपोआप दोन झालं. वरतं मले, खालतं तिले. दोनी शिवून देल्ले. म्हने, घ्या आता, भांडू नोका."

"आणि तुम्ही भांडला नाहीत?"

"भांडलो ना," कमलताई म्हणाल्या. "कावून नाई? पन पुस्तकावून नाई भांडलो. दुसऱ्यावून भांडलो."

मी पानं उलटत गेले. झुणका, अंबाडी, पातोडी, कढीगोळे. प्रत्येक कृतीखाली ती देणाऱ्या बाईचं नाव. पानांवर तेलाचे, तिखटाचे डाग. मला इतकं बरं वाटत होतं की आपण कशासाठी आलोय हे थोडा वेळ विसरायलाच झालं. आणि मग मी शेवटच्या पानावर आले. वर शीर्षक होतं, बाळंतिणीचे लाडू. खाली साहित्य, मग कृती. डिंक तुपात तळून घ्यावा, खारीक कुटावी, खोबरं भाजावं. पानाची शेवटची ओळ: "गोडंबी बाजारात न मिळाल्यास बिब्बे आणून घरीच फोडावेत."

पुढे गोधडीचा दोरा आणि कॅलेंडरचं कव्हर.

मावशीला आठवत होतं ते वाक्य, तिला आठवत होतं तसंच, पूर्णविरामासकट. तिला भीती होती की त्याच्यापुढे काही नाही, आणि खरोखरच त्याच्यापुढे काही नव्हतं. पुढचं अकोल्याला होतं, असलंच तर.

मी कमलताईंना विचारलं, पुढे काय लिहिलंय ते आठवतं का? "मले का मालूम? ते धाकटीकडं हाय. ती फोनवर वाचते तसं मी करत जातो, ध्यानात थोडंच राहते." बिब्बा उततो, हाताला तेल लावा, असं काही लिहिलं होतं का? "बिबा उतते हे लिहा लागते काय? आमच्या इकडं लेकरालेबी मालूम असते."

"आणि ज्यांना माहीत नसेल त्यांनी?"

"त्याईनं इचाराव ना कोनाले."

हे बरोबरच होतं, पण मावशीला सांगून तिची समजूत पटली नसती. मी सुशीलाकाकूंना फोन लावायला सांगितलं. कमलताईंनी आधी आढेवेढे घेतले, "बाळंतीण नसताना फोन केला तं तिले वाटन काई झालं," आणि मग लावला. पलीकडून आलेलं उत्तर अंगणातल्या सगळ्यांना ऐकू आलं. "फोनवर नाई सांगत मी. पेटीत हाय ते, माळ्यावर. माह्यानं पेटी नाई उतरत. उद्या ये म्हना तिले, जेवाले."

जेवायला ज्वारीची भाकरी, सोले-वांगी आणि ठेचा होता. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. आमच्याकडे भाजीत गूळ घातल्याशिवाय बायकांचा हात खाली येत नाही. इथे गुळाचं नाव काढलं तर कमलताई म्हणाल्या, "भाजी कराची हाय का शिरा?" पहिला घास घेतला आणि मला उचकी लागली ती संध्याकाळपर्यंत राहिली. मावशीचा फोन आला तेव्हाही चालूच होती. "सापडलं का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, उद्या बघू. उचकीमुळे खोटं बोलणं सोपं गेलं.

रात्री कमलताईंनी मला जाऊ दिलं नाही. अंगावर दोन गोधड्या घातल्या. त्यांचे टाके पुस्तकाच्या टाक्यांसारखेच होते. सकाळी निघताना त्यांनी आपली अर्धी प्रत माझ्या हातात दिली, "ने, पन वापस आनून देजो." मी म्हटलं, नको, मी फोटो काढलेत. वाटेत कुठे हरवलं तर मी काय तोंड दाखवू? त्यांनी पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. "धाकटीले देजो. सांगजो, बांधावरच्या हायेत. तिले बांधावरच्याच आवडते."

अकोला

अमरावतीहून अकोल्याला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांनी माझं गाव, नवऱ्याची नोकरी, मुलीचा कितवा महिना आणि पुण्यातल्या फ्लॅटचा भाव एवढं सगळं मूर्तिजापूरच्या आत काढून घेतलं. पुण्यात शेजारी बसलेल्या माणसाने नाव विचारलं तरी आपण पर्स घट्ट धरतो. पण त्यांच्या विचारण्यात असा सरळपणा होता की मी त्यांना पुस्तकाचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "लिहिलं असन. मास्तरीणबाई हाय, लिहिल्याशिवाय राहीन का?" त्यांच्या म्हणण्याला कसलाही आधार नव्हता, तरी मला धीर आला.

सुशीलाकाकू जठारपेठेत राहतात. कमलताई उंच आणि कोरड्या, तर या ठेंगण्या, गोल, सतत बोलणाऱ्या. दारातच त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आत बघितलं आणि म्हणाल्या, "बांधावरच्या हाय ना या?" मी हो म्हटलं. त्यांनी एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि लगेच दुसरी सोलायला घेतली.

मी म्हटलं, काकू, आधी पुस्तक बघू का? "आंधी जेव." मी म्हटलं, भूक नाही. "भूक नाई कशी? मोठीनं काय खाऊ घातलं? सोले-वांगी? मालूम होतं मले." मग कढीगोळे आले, भात आला, वरून कच्चं तेल आलं. मी घाईघाईने संपवत होते आणि त्या शेजारी बसून वाढत होत्या. मोठी कशी आहे, पाठ दुखते का, सून नीट बघते का, घरावर पत्रे घातले का, सगळं विचारून झालं. एवढं सगळं विचारायचं होतं तर फोन का करत नाहीत, असं मी म्हटलं. "करतो ना. घरात कोनी बाळंतीन असली की करतो. लाडूचं वरतं तिच्याजवळ, खालतं माह्याजवळ. ती वाचते, मंग मी वाचतो. मंग होते लाडू."

पेटी स्वयंपाकघराच्या माळ्यावर होती. मी स्टुलावर चढले. स्टूल हललं, माझा हात कुरडयांच्या डब्याला लागला आणि उन्हाळाभर घातलेल्या कुरडया जमिनीवर पडून त्यांचा चुरा झाला. मी तिथेच वर उभी राहून माफी मागायला लागले. "बाप्पा!" सुशीलाकाकू म्हणाल्या, "आता चुऱ्याची भाजी करू. तू पेटी पाय."

पेटीत पैठणीच्या घडीत ते होतं. तोच गोधडीचा दोरा, कव्हर मात्र खाकी. मी ओट्याला टेकून पहिलं पान उघडलं. पानाच्या वरच्या टोकाला, कसलंही शीर्षक नसताना, मावशीचं वाक्य सुरू होत होतं:

"पण थांबा. हाताला कोपरापर्यंत खोबरेल लावल्याशिवाय बिब्ब्याला हात लावू नये. फोडताना जवळ लहान मूल बसवू नये. काळ्या तेलाचा डाग दिसेल तो गर टाकून द्यावा, हळहळू नये. शंका आली तर गोडंबी घालूच नये, लाडू तिच्यावाचूनही होतो."

माझा जीव भांड्यात पडला. मी ओट्यापाशीच खाली बसले, कुरडयांच्या चुऱ्यात, आणि रडायला लागले. सुशीलाकाकूंना वाटलं मला काही चावलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "एवढ्यासाठी म्हातारी झोपली नाई? हे कारन फोनवर सांगतलं असतं तं मी तेव्हाच बोललो असतो. हे 'पण थांबा' माह्या सासूले लय आवडे. पोरं जिन्यावून धावले की ओरडे, पण थांबा!"

मी मावशीला फोन लावला. ती दुसऱ्या घंटीलाच उचलते, फोन हातातच असतो. मी म्हटलं, मावशी, सापडलं, ऐक. आणि वाचायला लागले. मुलांना बसवू नये, झालं. डागाचा गर टाकावा, झालं. मी "शंका आली तर" म्हटलं आणि मावशीचा आवाज आला, हळू, पण शाळेत शिकवताना यायचा तसा स्वच्छ: "गोडंबी घालूच नये, लाडू तिच्यावाचूनही होतो." मग म्हणाली, "आठवलं गं मला. ते वाक्य आमच्या गल्लीत लेकीकडे येऊन राहायच्या त्या भातकुलीच्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी फक्त लिहून घेतलं."

फोन ठेवल्यावर मी सुशीलाकाकूंना माझ्या मोबाईलवर कमलताईंची अर्धी पानं दाखवली. वाटणी झाल्यापासून त्यांनी ती बघितली नव्हती. चष्मा लावून त्या उभ्या उभ्याच वाचायला लागल्या, बोटाने पान पुढे ढकलत, आणि मधून मधून म्हणत, "हे पाय, हे त्या परटिणीचं," "हे आमच्या सासूचं, नाव हाय पाय." अंबाडीच्या भाजीपाशी त्या बराच वेळ थांबल्या. त्यांच्याकडे इतकी वर्षं अंबाडी अंदाजानेच होत होती.

संध्याकाळी आम्ही दोघी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दोन्ही भाग जोडून अख्ख्या पुस्तकाच्या तीन प्रती काढल्या, एक मावशीला, एक सुशीलाकाकूंना, एक कमलताईंना. दुकानदार लाडवांचं पान छापताना म्हणाला, माझ्या बायकोसाठी एक जास्तीची काढू का? सुशीलाकाकूंनी परवानगी दिली. मग त्या आपल्या हातातली प्रत बघत राहिल्या. वरतं, खालतं, आता एकच झालं होतं.

"आता मोठीले फोन कराचं कारनच नाई उरलं," त्या म्हणाल्या.

मी कमलताईंची प्रत पाकिटात घालून पत्ता लिहायला लागले, तर त्यांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. "पोस्टानं नोको. मी जातो घिऊन. बांधावरच्या शेंगा सरल्यावर कोन जाते?"

निघताना त्यांनी मला पाटावर बसवलं. रथसप्तमी व्हायची होती, हळदीकुंकवाचे दिवस संपले नव्हते. हळदीकुंकू लावून तीळगूळ दिला आणि वाण म्हणून एक पुडी दिली. त्यात गोडंबी होती, किराणा बाजारातली, सोललेली, पांढरी. "मास्तरीणबाईले सांगजो, साफ हाय. मी एक एक दाना पाहिला."

पुणे

घरी पोचले तेव्हा गौरी दार उघडायला आली, पोट सांभाळत, हसत. तिने नुसतंच स्वयंपाकघराकडे बोट केलं. मावशी खुर्ची ओढून ओट्याशी बसली होती. डिंक, खारीक, खोबरं, सगळं ताटात काढून ठेवलेलं. विकतचे लाडू आणायला जावयाला पाठवलं होतं, त्याला परत बोलावून डिंक आणायला धाडलं होतं म्हणे.

मी तिच्या पुढ्यात झेरॉक्सचं पुस्तक ठेवलं. तिने ते उघडलं नाही, फक्त कव्हरवर हात ठेवला. मग माझ्याकडची पुडी मागितली, सोडली, आणि दाण्यांचा वास घेतला.

"सोललेली आहे मावशी, स्वच्छ आहे," मी म्हटलं. "त्यांनी एकेक दाणा बघून दिलाय." आणि एक दाणा उचलायला हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. खोबरेलाची बाटली तिने आधीच शेजारी काढून ठेवली होती. तिने माझा हात ओढून घेतला आणि कोपरापर्यंत तेल चोळायला लागली.